'चकमकीत मारला गेला' : दलदलीतला एक छापा आणि माझ्या सिनॉप्सिसमधली एक चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट आहे. सांगायला थोडी लाज वाटते, पण तुमच्यापैकी जे पेट देताय, सिनॉप्सिस लिहिताय किंवा 'विषय सापडत नाही' म्हणून कपाळाला हात लावून बसलाय, त्यांच्या कामाची आहे, म्हणून सांगतो.

माझा विषय होता गुन्हेकथांच्या पडद्यावरच्या रूपांतला भूप्रदेश. त्यात 'ट्रू डिटेक्टिव्ह' या अमेरिकन मालिकेचा पहिला सीझन मुख्य होता. सिनॉप्सिसमध्ये कथासार देताना मी एक साधं वाक्य लिहिलं होतं: 'संशयित रेजी लेडू हा दलदलीतल्या अड्ड्यावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला जातो.'

मॅडमनी कागद परत दिला तेव्हा 'चकमकीत' या शब्दाखाली लाल रेघ होती. समासात एकच प्रश्न होता: 'हे तू बघितलंस, की ऐकलंस?'

मला वाटलं, शब्द बदलायला सांगतायत. 'पोलीस कारवाईत' लिहू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तो भाग परत बघ. आवाज बंद करून बघ. मग ये."

बघितला. तिथे चकमक नव्हतीच! बेड्या घातलेल्या माणसाला गोळी घातली जाते. चकमक झाली असं दोन पोलीस *सांगतात*. आणि मी, संशोधन करायला निघालेला माणूस, त्यांची खोटी जबानी जशीच्या तशी माझ्या सिनॉप्सिसमध्ये उतरवून मोकळा झालो होतो.

आजचा लेख या एका चुकीबद्दल आहे. त्या निमित्ताने एका प्रसंगावर संशोधन कसं उभं राहतं, तेही बघू. (मालिका बघायची राहिली असेल तर सावध करतो, पुढे सगळं कथानक उघड होणार आहे.)

आधी प्रसंग समजून घेऊ

'ट्रू डिटेक्टिव्ह'चा पहिला सीझन एचबीओवर १२ जानेवारी ते ९ मार्च २०१४ या काळात आला. एकूण आठ भाग. लेखन निक पिझोलाटो यांचं आणि आठही भागांचं दिग्दर्शन कॅरी जोजी फुकुनागा यांचं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं लुइझियाना राज्य, १९९५ साल. एका तरुणीचा विधीसारखी मांडणी करून केलेला खून होतो आणि तपास रस्ट कोल (मॅथ्यू मॅकॉनहे) व मार्टी हार्ट (वुडी हॅरलसन) या दोघांकडे येतो. पण कथा सरळ सांगितलेली नाही. २०१२ मध्ये गिलबो आणि पपानिया हे दोन नवे अधिकारी या दोघांना वेगवेगळं बसवून, कॅमेरा लावून, त्या जुन्या तपासाबद्दल विचारतायत. म्हणजे १९९५ आपल्याला दिसतं, आणि २०१२ मधून त्याचं निवेदन ऐकू येतं.

छाप्याचा प्रसंग पाचव्या भागात आहे. हा भाग १६ फेब्रुवारी २०१४ला प्रसारित झाला. रेजी लेडू आणि त्याचा साथीदार डीवॉल दलदलीच्या आत, झाडीत, अमली पदार्थ बनवण्याचा अड्डा चालवतायत. वाटेत स्फोटकांचे सापळे लावलेले आहेत. कोल आणि हार्ट कुमक न मागवता दोघंच आत शिरतात. मार्टी लेडूला पकडून बेड्या घालतो. मग आत जातो. तिथे डांबून ठेवलेली दोन मुलं त्याला दिसतात. तो बाहेर येतो आणि लेडूच्या डोक्यात गोळी घालतो. डीवॉल पळतो आणि स्वतःच्याच सापळ्यावर पाय पडून मरतो. त्यानंतर लेडूच्या बेड्या काढल्या जातात आणि कोल तिथलीच रायफल घेऊन आसपास गोळ्या झाडतो. आता पुरावा 'तयार' झालेला आहे.

आणि हे सगळं पडद्यावर चाललेलं असताना कानावर काय पडतं? २०१२ मधले दोघं जण, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकच गोष्ट सांगतायत: समोरून अंदाधुंद गोळीबार सुरू झाला, आम्ही आडोसा घेतला, मोठ्या हिमतीने प्रत्युत्तर दिलं.

चूक झाली कुठे?

मी मालिका बघितली नव्हती असं नाही. दोनदा बघितली होती. पण सिनॉप्सिस लिहिताना संदर्भ सापडायला सोपं पडावं म्हणून सबटायटल्सची फाइल समोर ठेवून काम केलं. संवाद शोधायचा, कॉपी करायचा, पुढे जायचं.

आता गंमत बघा. सबटायटल्समध्ये फक्त बोललेलं येतं. या प्रसंगात बोललेलं म्हणजे खोटी जबानी. खरं काय घडलं ते फक्त चित्रात आहे. म्हणजे मी निवडलेलं साधनच असं होतं की त्यात सत्य सापडण्याची सोयच नव्हती. मी कितीही मन लावून वाचलं असतं तरी त्या फाइलमध्ये चकमकच मिळाली असती.

पहिला धडा इथेच मिळतो. साधनाची निवड ही फक्त सोयीची बाब नसते. आपल्याला काय दिसू शकेल आणि काय दिसूच शकणार नाही, ते तिथेच ठरतं. तुमचा विषय सिनेमा नसेल, तरी हे लागू आहे. मुलाखतींचं टंकलिखित करताना गाळलेले विराम, सरकारी अहवालात न आलेली गावं, ग्रंथालयात न पोचलेली नियतकालिकं, सगळीकडे हाच प्रकार असतो. मेथडॉलॉजीच्या प्रकरणात 'साधनांच्या मर्यादा' हा मथळा आपण बहुतेक वेळा शेवटी, उरकून टाकल्यासारखा लिहितो. तो खरं तर सुरुवातीला लिहायचा असतो.

पायरी पहिली : दोन रकाने आखा

मॅडमनी सांगितलं म्हणून मी वहीत उभी रेघ मारली. डावीकडे 'ऐकू येतं', उजवीकडे 'दिसतं'. प्रत्येक शॉटला एक ओळ. चार मिनिटांच्या प्रसंगाला अख्खी संध्याकाळ गेली. त्यातून तीन गोष्टी हाती लागल्या.

एक, जबानी आणि चित्र सुरुवातीला बऱ्यापैकी जुळतात आणि मग फाटतात. सगळंच खोटं असतं तर पकडणं सोपं गेलं असतं. चांगल्या खोट्यात पुष्कळ खरं मिसळलेलं असतं.

दोन, दोघांच्या जबान्या एकमेकींशी जुळतात. आपण एरवी म्हणतो की दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हणजे बात पक्की. पण ते दोघं *स्वतंत्र* आहेत का, हा प्रश्न आधी विचारायचा. इथे दोघांनी मिळून गोष्ट रचली आहे, म्हणून जुळणं हाच संशयाचा मुद्दा होतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना पाच लेखांत एकच विधान दिसलं की आपण खूश होतो. पाचही जणांनी ते एकाच जुन्या लेखातून उचललेलं असेल, तर तुमच्याकडे पाच पुरावे नाहीत, एकच आहे.

तीन, गोळी घालण्याचं कारण बदलतं. जबानीत कारण स्वसंरक्षण आहे. चित्रात कारण मार्टीने आत जे पाहिलं ते आहे. घटना तीच, मृत माणूस तोच, पण कारण वेगळं. आणि कारण बदललं की अर्थ बदलतो.

पायरी दुसरी : संकल्पना घ्या, पण मापाची

निरीक्षणं झाली की विद्यार्थी ताबडतोब थिअरीकडे धावतो. मीही धावलो. हाताला पहिली लागली ती 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये कादंबरीच्या संदर्भात ती मांडली. कोल आणि हार्ट खोटं बोलतात, म्हणजे ते अविश्वसनीय निवेदक. झालं, संपलं?

नाही झालं. तुलनेसाठी दोन जुनी उदाहरणं घेऊ. दोन्ही १९५० मधली. हिचकॉकच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये एक पात्र खोटी हकिगत सांगतं आणि पडदाही तीच खोटी हकिगत दाखवतो. प्रेक्षक फसतो. कुरोसावाच्या 'राशोमोन'मध्ये एकाच घटनेच्या अनेक हकिगती आहेत, प्रत्येक वेळी पडदा सांगणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो आणि कुठली खरी ते ठरवता येत नाही.

आपल्या प्रसंगात यातलं काहीच नाही. इथे आवाज खोटं बोलतो आणि चित्र खरं सांगतं. प्रेक्षक फसत नाही, गोंधळतही नाही. त्याला सगळं कळतं. फसतात ते समोर बसलेले दोन अधिकारी.

मग प्रेक्षकाचं काय होतं? तो *सामील* होतो. आपल्याला माहीत आहे की हे खोटं आहे, तरी आपण मनातल्या मनात कोल आणि हार्टच्या बाजूला असतो. ती मुलं आपणही पाहिलेली असतात ना! पकडले जाऊ नयेत असं वाटत राहतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा खरं सांगतो, थोडं अस्वस्थ वाटलं. पण संशोधनाचा प्रश्न असाच मिळतो. संकल्पना जिथे घट्ट किंवा सैल बसते, तिथे थांबायचं. 'ही संकल्पना इथे लागू होते' एवढ्याने शोधनिबंध होत नाही. 'इथपर्यंत लागू होते, इथून पुढे नाही, आणि त्याचं कारण हे' यातून होतो.

पायरी तिसरी : 'भूप्रदेश हेच एक पात्र आहे' हे वाक्य खोडा

माझ्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य तीन वेळा होतं. तुमच्याही असेल. ऐकायला छान वाटतं, पण त्यातून काही कळत नाही. दलदलीबद्दल बोलायचं तर नेमकं बोललं पाहिजे.

या छाप्यात दलदल काय *काम* करते? ती साक्षीदार दूर ठेवते. शेजार नाही, रस्ता नाही, गोळीचा आवाज ऐकणारं कुणी नाही. शहरातल्या चाळीत हाच प्रकार झाला असता तर दहा खिडक्या उघडल्या असत्या. दलदल ही इथे साक्षीदार नसलेली जागा आहे, म्हणूनच दोन माणसांचा शब्द हीच अधिकृत नोंद होऊ शकते. याच मालिकेच्या चौथ्या भागात वस्तीतल्या धाडीचा सुमारे सहा मिनिटांचा सलग शॉट आहे. तिथे घरं, माणसं, आरडाओरडा, हेलिकॉप्टर, सगळं आहे. दोन भाग शेजारी ठेवले की जागेचं काम स्पष्ट होतं. हे विधान तपासता येतं, खोडताही येतं. 'दलदल हे पात्र आहे' हे खोडता येत नाही, म्हणून ते विधान संशोधनाच्या कामाचं नाही.

मग पडद्याबाहेरची दलदल. लुइझियानाने १९३२ पासून २०१६ पर्यंत किनारी भागातली सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली आहे. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या नदीकाठच्या पट्ट्यात पेट्रोकेमिकल कारखान्यांची रांग आहे. मालिकेच्या शीर्षकदृश्यांत माणसांच्या आकृतींमध्ये मिसळलेले कारखाने दिसतात, त्यामागे छायाचित्रकार रिचर्ड मिझराक यांच्या याच पट्ट्यातल्या छायाचित्रांची प्रेरणा आहे. म्हणजे ही 'आदिम, गूढ' दलदल नाही. माणसाने वापरून झिजवलेला प्रदेश आहे.

आणि एक रुक्ष बाब. कथा आधी आर्कान्सामध्ये घडवायची होती. चित्रीकरणासाठी करसवलत देणाऱ्या लुइझियानात ती नंतर गेली. मी हे वाचलं तेव्हा माझं निम्मं काव्यात्म विवेचन कोसळलं! पण तसं कोसळायलाच हवं होतं. निर्मितीचा इतिहास न बघता केलेलं अर्थनिर्णयन हवेत राहतं.

पायरी चौथी : तुलना म्हणजे चोरी शोधणं नव्हे

त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१४ला, अल्बेर्तो रोद्रिगेस यांचा 'ला इस्ला मिनिमा' हा स्पॅनिश चित्रपट आला. दोन न जुळणारे पोलीस, पाणथळ प्रदेश, तरुण मुलींचे खून. 'ट्रू डिटेक्टिव्हची नक्कल' असं लगेच म्हटलं गेलं. पण चित्रपटाचं चित्रीकरण मालिका प्रसारित व्हायच्या आधीच, २०१३ मध्ये झालेलं होतं. तारखा न बघता प्रभाव सिद्ध करायला जाऊ नका.

तुलनेचा उपयोग वेगळा आहे. लुइझियानातली दलदल झाडांची, आडोशाची. ग्वादाल्किविर नदीकाठची पाणथळ जमीन उघडी, सपाट, भातखाचरांची. तिथे लपायला जागा कमी, आणि तरी गुन्हा लपतो. म्हणजे लपवणारा फक्त प्रदेश नाही, समाज आहे. चित्रपट १९८० मधला आहे. फ्रँकोची हुकूमशाही संपून पाच वर्षं झालेली आणि १९७७ च्या माफी कायद्याने जुन्या राजवटीतल्या अत्याचारांवर पडदा टाकलेला. दोघांतला एक पोलीस, हुआन, फ्रँकोच्या राजकीय पोलिसांतला होता. त्याच्या जोडीदाराला हे कळतं, आणि प्रश्न उरतो की कळून करायचं काय. पुढे या चित्रपटाची जर्मन आवृत्ती निघाली, 'फ्रायेस लांट'. ती १९९२ मध्ये, एकीकरणानंतरच्या पूर्व जर्मनीत घडते. तीन देशांत पाणथळ जमीन वेगवेगळी आहे, पण न बोललेला भूतकाळ तिन्हीकडे आहे. इथून पुढे मात्र माझा प्रश्न बदलला.

खोट्या नोंदीची किंमत

परत छाप्याकडे येऊ. बेड्यांतल्या माणसाला मारणं चूक, हे कायद्याने झालं. पण मालिका आणखी एक किंमत दाखवते. लेडू मेला, म्हणजे त्याला प्रश्न विचारता येणार नाहीत. अधिकृत नोंदीत खुनी सापडला, प्रकरण मिटलं, दोघं नायक ठरले. २००२ मध्ये एका वेगळ्याच गुन्ह्यातला आरोपी कोलला सांगतो की खरा माणूस अजून मोकळा आहे. तो सापडतो २०१२ मध्ये. सतरा वर्षं! लोकांना बरं वाटेल असं खोटं लिहिलं गेलं आणि त्या खोट्याच्या आड खरा गुन्हेगार सुरक्षित राहिला.

हे अमेरिकेतल्या काल्पनिक पोलिसांचं झालं. पण मी मराठीत लिहिणारा विद्यार्थी आहे आणि 'चकमक' हा शब्द माझ्या हातून इतक्या सहज उतरला तो कुठून? वर्तमानपत्रांतून. लहानपणापासून वाचलेल्या बातम्यांतून. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या चकमकींसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ला निकाल दिला. 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने तो ओळखला जातो. त्यात चकमकीतल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी १६ मार्गदर्शक सूत्रं आहेत. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. थोडक्यात, ज्यांनी गोळी झाडली त्यांच्या शब्दावर नोंद थांबता कामा नये. झडतीच्या पंचनाम्याला परिसरातले स्वतंत्र पंच लागतात, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) झडती-जप्तीचं दृक्श्राव्य चित्रण करायला सांगितलं आहे, त्यामागेही हीच काळजी आहे.

इथे एक सावधगिरी. मालिकेतला छापा १९९५ चा आणि याचिकेतला काळ १९९५ पासूनचा, हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर प्रबंध रचू नका. मालिकेवरून मुंबईबद्दल काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की माझ्या वाचनाच्या सवयीत एक शब्द बसलेला होता आणि त्याने माझ्या डोळ्यांवर मात केली. संशोधकाने स्वतःला तपासायचं असतं म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या लाल रेघेने कळला.

शेवटी प्रश्न कसा झाला

पहिला प्रश्न: 'ट्रू डिटेक्टिव्हमधील दलदलीचे चित्रण.' (हा प्रश्न नाही, मथळा आहे.)

दुसरा: 'दलदल गुन्हेकथेत गूढता कशी निर्माण करते?' (उत्तर आधीच माहीत आहे.)

आताचा: 'साक्षीदार नसलेल्या जागेत घडलेल्या पोलिसी हिंसेची अधिकृत नोंद कशी तयार होते, हे दाखवताना या कलाकृती प्रेक्षकाला त्या नोंदीत सामील करून घेतात, की तिच्याबद्दल संशयी करतात?' लांबलचक आहे, मान्य. पण याचं उत्तर मला आज माहीत नाही, आणि ते शोधण्यासाठी काय बघायचं ते माहीत आहे. प्रश्न तयार झाला की नाही, हे मी याच दोन खुणांवरून ओळखतो.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या विषयातला एखादा प्रसंग, अहवाल, मुलाखत, काहीही घ्या. वहीत उभी रेघ मारा. एका बाजूला 'सांगितलंय काय', दुसऱ्या बाजूला 'मला स्वतःला दिसतंय काय'. दोन्ही रकाने शब्दशः सारखे भरले, तर बहुधा तुम्ही दुसरा रकाना पहिल्यावरून उतरवलाय. मी तेच केलं होतं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: 'बेड्या घातलेल्या रेजी लेडूला मार्टी हार्ट गोळी घालतो, नंतर दोघेही अधिकारी ही घटना चकमक म्हणून नोंदवतात.' मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. समासात फक्त 'पुढे' असं लिहिलं.